कनेक्ट झालं, पण उघडत काहीच नाही: जठारपेठ ते ऑफिस व्हाया व्हीपीएन

व्हीपीएन म्हटलं की अर्ध्या लोकांना दुसऱ्या देशातल्या सिरीज आठवतात. आज तो व्हीपीएन नाही. आज तो, जो कंपनीच्या लॅपटॉपवर असतो, सकाळी नऊ वाजता लॉगिन मागतो, फोनवर कोड पाठवतो, हिरवा टिक दाखवतो, आणि मग काहीच उघडत नाही. आयटीवाल्याला फोन केला की तो म्हणतो, "रिस्टार्ट करून बघा."

माझा या सल्ल्यावर राग आहे. तो कधीकधी चालतो म्हणून जास्तच राग आहे, कारण का चालला ते कुणी सांगत नाही. व्हीपीएनच्या जवळपास प्रत्येक तक्रारीमागे एक जुना निर्णय असतो. कुणीतरी १९९४ मध्ये, कुणीतरी १९९९ मध्ये काहीतरी ठरवलं, आणि त्याचा हिशोब अकोल्याच्या जठारपेठेत बसलेली पोरगी २०२० मध्ये चुकवते. ती साल माहीत असली की बिघाड शोधणं बरंच सोपं जातं.

सुरुवात करूया तारेपासून. सार्वजनिक तारेवरून खाजगी गोष्ट पाठवायची गरज वऱ्हाडाला नवी नाही. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या केबलने लंडनशी जोडली गेली आणि त्याच वर्षी जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला. कारण एकच, कापूस. भाव तारेने यायचे, ऑर्डरी तारेने जायच्या, आणि तार मध्ये किती हातांतून जाते हे व्यापाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या काळातल्या व्यापारी तारा सांकेतिक शब्दांत असायच्या, त्यासाठी छापील कोडबुकं मिळायची. एका शब्दात अख्खं वाक्य. पैसे वाचायचे आणि तारमास्तरला काही कळायचं नाही. तार सरकारची, मजकूर माझा. व्हीपीएन म्हणजे मुळात एवढंच.

आता सव्वाशे वर्षं पुढे. सॉफ्टवेअर कंपन्या आल्या तेव्हा त्यांना परदेशातल्या ग्राहकाच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचायचं होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने १९८५ मध्ये बंगळुरूला ऑफिस थाटलं ते स्वतःची सॅटेलाइट लिंक घेऊन. ज्यांची तेवढी ऐपत नव्हती त्यांच्यासाठी सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क काढले, आणि पहिल्या तीनांत पुणे होतं, बंगळुरू आणि भुवनेश्वरसोबत. पार्कात डिश, डिशवरून ६४ केबीपीएसची लिंक, आणि त्या लिंकच्या टोकाला ऑफिस. लिंक भाड्याची, महाग, आणि एका जागेला बांधलेली.

हे नीट ऐका, कारण इथे आपल्या भागाचा संबंध येतो. वऱ्हाडातली इंजिनिअर पोरं पुण्याला का गेली? कॉलेजं, कंपन्या, पगार, सगळं खरं. पण त्या सगळ्याच्या मुळाशी तार होती. तार जिथे उतरली तिथे टेबल लागलं, टेबल जिथे लागलं तिथे माणूस गेला. अकोल्याहून जवळजवळ ५०० किलोमीटर, महाराष्ट्र एक्स्प्रेस नाहीतर रात्रीची ट्रॅव्हल्स. ज्याच्या घरी म्हातारे आईवडील एकटे आहेत त्याला विचारा, हे अंतर किती असतं ते.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, डायल-अप, ९.६ केबीपीएस. तोपर्यंत घरून ऑफिसच्या नेटवर्कवर जायचं तर मोडेमवरून थेट ऑफिसचा नंबर फिरवायचा. गाव लांब असेल तर एसटीडीचं बिल. इंटरनेट आल्यावर सगळ्या जगात एकच कल्पना डोक्यात आली: लोकल कॉलवर इंटरनेटला जोडायचं आणि त्या इंटरनेटच्या आतून ऑफिसपर्यंत बोगदा काढायचा. मायक्रोसॉफ्टमधल्या गुरदीपसिंग पाल आणि इतर कंपन्यांतल्या त्यांच्या सोबत्यांनी १९९६ च्या सुमारास पीपीटीपी नावाची पद्धत आणली, जी विंडोजमध्ये फुकट मिळायची. म्हणून ती घराघरात गेली. तिची सुरक्षा कच्ची आहे हे १९९८ मध्येच दाखवून दिलं गेलं, २०१२ मध्ये तर पूर्णच उघडं पडलं. तरी लहान ऑफिसांत, सीएच्या केबिनमध्ये, ती अजून जिवंत आहे. तुमच्या आयफोनवर हा पर्याय सापडत नाही ना? ॲपलने तो २०१६ मध्ये काढून टाकला. अँड्रॉइड १२ पासून तिथेही नवा जोडता येत नाही. म्हणजे "फोनमध्ये काहीतरी बिघडलं" असं काही नाही. ऑफिसनेच बदलायला पाहिजे.

पीपीटीपीच्याच काळात दुसरीकडे जास्त गंभीर काम चाललं होतं. आयपीसेक. १९९५ मध्ये त्याचे पहिले कागद आले, १९९८ मध्ये सुधारून. यामागे एक गृहीत होतं: इंटरनेटवरच्या प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता असतो, आणि या पत्त्यावरून निघालेलं पाकीट त्या पत्त्यावर जसंच्या तसं पोचतं. मध्ये कुणी पाकिटाला हात लावला तर तो चोर.

आता मजा बघा. पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. तेवढे पुरणार नाहीत हे नव्वदच्या सुरुवातीलाच दिसत होतं. म्हणून १९९४ च्या मे महिन्यात नॅट नावाची युक्ती कागदावर आली. घरातल्या सगळ्या मशीनना आतले खोटे पत्ते द्यायचे आणि दारावर बसलेल्या राउटरने बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता खोडून स्वतःचा लिहायचा. म्हणजे आयपीसेक ज्याला चोर म्हणतो, नेमकं तेच काम. आणि ज्यांनी ही युक्ती मांडली त्यांनीच ती अल्पकाळाचा उपाय म्हणून मांडली होती! तीस वर्षं झाली. आपल्याकडे तात्पुरती टाकलेली वायर जशी कायमची होते, तसंच.

खोटे पत्ते कोणते वापरायचे हेही १९९६ च्या फेब्रुवारीत ठरलं. १९२.१६८ ने सुरू होणारे तुम्ही पाहिलेच असतील. राउटर बनवणाऱ्या कंपन्यांनी आळस केला आणि बहुतेकांनी तोच १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० ठेवला. ऑफिसचं नेटवर्क लावणाऱ्यानेही तोच ठेवला, तर तुमचा लॅपटॉप विचारतो: १९२.१६८.१.१० हा सर्व्हर माझ्या हॉलमध्ये आहे की पुण्यात? आणि तो हॉलमध्ये शोधतो. हिरवा टिक येतो, फाईल सर्व्हर सापडत नाही. इथे कितीही रिस्टार्ट करा, काही होत नाही. घरच्या राउटरचा पत्ता बदलून १९२.१६८.७७ करा, दोन मिनिटांत काम होतं. बाकी मोबाईल डेटावर चालतं आणि वायफायवर चालत नाही असं असेल, तर पहिला संशय इथेच घ्यायचा.

नॅट आणि आयपीसेकचं भांडण पुढे दहा वर्षं चाललं. नॅटवाला राउटर पाकिटं ओळखतो ती पोर्ट नंबरवरून. आयपीसेकच्या पाकिटाला पोर्टच नसतो. पीपीटीपीचंही तसंच, त्यामुळे एकाच घरातून दोघं एकाच ऑफिसला जोडायला गेले की दुसऱ्याचं जोडलं की पहिल्याचं पडायचं. शेवटी २००५ च्या जानेवारीत तडजोड झाली: आयपीसेकचं पाकीट एका साध्या यूडीपी पाकिटात घालायचं, पोर्ट ४५००, आणि मधल्या राउटरने आपली नोंद पुसू नये म्हणून दर वीसएक सेकंदांनी एक रिकामं पाकीट पाठवत राहायचं. "मी आहे अजून" एवढंच सांगणारं. तुमचा व्हीपीएन चहा घेऊन येईपर्यंत पडत असेल तर बहुधा हे पाकीट जात नाहीये, किंवा राउटर त्यापेक्षाही लवकर विसरतोय. रिस्टार्टने बरं वाटतं ते यासाठीच, राउटरची जुनी नोंदवही कोरी होते.

दरम्यान जेम्स योनान नावाचा एक प्रोग्रामर मध्य आशियात फिरत होता आणि तिथल्या इंटरनेट कंपन्यांवर त्याचा विश्वास नव्हता. त्याने २००१ मध्ये ओपनव्हीपीएन लिहिलं. पहिल्यापासून एकाच पोर्टवर चालणारं, नॅटमधून सहज जाणारं. मला हे फार आवडतं, कारण हे लिहिणाऱ्याला भरवशाची लाईन मिळत नव्हती. चांगल्या लाईनवर बसून लिहिलेल्या गोष्टी आपल्याकडे अडकतात.

आता आपण आलो २०२० ला. जठारपेठेत माझी एक मैत्रीण राहते, नाव नको. विम्याचे क्लेम तपासणाऱ्या एका प्रोसेसमध्ये होती, ऑफिस पुण्यात, नोकरीला तीन महिने, म्हणजे प्रोबेशन चालू. मार्चमध्ये कंपनीने डेस्कटॉपच्या बदल्यात लॅपटॉप हातात दिला आणि घरी जा म्हटलं. ती अकोल्याला पोचली. २३ मार्चला महाराष्ट्रात जिल्ह्यांच्या सीमा बंद झाल्या, २४ ला रात्री देशभराची घोषणा. आता परत जायचा प्रश्नच नव्हता. कंपनीचं म्हणणं साफ होतं: लॉगिन दिसलं तर हजेरी, नाहीतर बिनपगारी.

तिच्यासाठी खरा अडसर मात्र टेक्निकल नव्हता, सरकारी होता, आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. कॉल सेंटर, बीपीओ आणि बऱ्याच सॉफ्टवेअर कंपन्यांना तोपर्यंत दूरसंचार विभागाकडे ओएसपी म्हणून नोंदणी करावी लागायची, १९९९ च्या दूरसंचार धोरणापासून. त्या नियमांत घरून काम करणारा माणूस चालायचा, पण त्यासाठी कंपनीने बँक गॅरंटी भरायची, करार करायचा, आणि व्हीपीएन स्वतः लावायचा नाही, तो परवानाधारक टेलिकॉम कंपनीकडूनच घ्यायचा. एवढा संशय कशाचा? माणसाचा नव्हे. भीती ही होती की या खाजगी लाईनींवरून लोक परदेशी आणि एसटीडी कॉल फिरवतील आणि टेलिकॉम कंपन्यांचा महसूल बुडेल. कॉल महाग होते तेव्हाची ही भीती. व्हॉट्सॲपवर जग बोलायला लागलं तरी नियम तसाच राहिला. माझं मत विचाराल तर अकोल्यात बसून पुण्याचं काम वीस वर्षं आधी सुरू होऊ शकलं नसतं, कारण नेट नव्हतं. पण दहा वर्षं आधी नक्की होऊ शकलं असतं, आणि ते न होण्यात या नियमाचा मोठा हात आहे.

१३ मार्च २०२० ला दूरसंचार विभागाने सूट दिली. बँक गॅरंटी नको, करार नको, कंपनीने स्वतःचा व्हीपीएन लावला तरी चालेल. ३० एप्रिलपर्यंत. पण त्यात एक ओळ होती: व्हीपीएन स्टॅटिक आयपी वापरून लावलेला असावा, आणि घरची जागा आधी ठरलेली असावी.

स्टॅटिक आयपी. जठारपेठेत.

मैत्रिणीच्या कंपनीने मेल पाठवला, स्टॅटिक आयपी घ्या. तिने केबलवाल्या दादांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, नेट चालू हाये ना? मंग आयपी कायले पायजे?" त्यांचंही बरोबर होतं. कारण त्यांच्याकडे द्यायला पत्तेच नव्हते. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले पत्ते ३ फेब्रुवारी २०११ ला संपले, आणि आशियाचा साठा त्याच वर्षी एप्रिलमध्ये तळाला गेला. युरोप-अमेरिकेने तोवर भरपूर पत्ते घेऊन ठेवले होते. आपली घरं इंटरनेटवर आली ती पंगत उठल्यावर. जिओ सुरू झालं ते ५ सप्टेंबर २०१६ ला. मग कंपन्यांनी काय केलं? नॅटवर नॅट. तुमच्या घरात एक, आणि कंपनीच्या टोकाला आणखी एक मोठं, ज्याच्या मागे शेकडो घरं एकाच खऱ्या पत्त्यावर. याला कॅरिअर ग्रेड नॅट म्हणतात आणि त्यासाठी २०१२ च्या एप्रिलमध्ये खास पत्ते राखून ठेवले, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत. म्हणजे ऑफिसच्या फायरवॉलला मैत्रीण, तिचे शेजारी आणि पलीकडच्या गल्लीतलं मेडिकल स्टोअर एकच दिसत होते. दुसऱ्या कुणी त्याच पत्त्यावरून चुकीचे पासवर्ड मारले की ही पण ब्लॉक.

दादांनी वरच्या कंपनीशी बोलून आठ दिवसांनी एक पत्ता मिळवून दिला, महिन्याला वेगळे पैसे घेऊन. तोवर ती मोबाईल हॉटस्पॉटवर. गच्चीत रेंज चांगली, म्हणून संध्याकाळी गच्चीत. मार्च-एप्रिलमधलं अकोलं ज्याने पाहिलंय त्याला कळेल दुपारी गच्चीत का नाही.

पत्ता मिळाला, व्हीपीएन जोडला, आणि मला रात्री फोन. "बावा, कनेक्ट तं झालं, पण उघडत कायीच नायी. पिंग जाते, लॉगिनचं पान येते, क्लेमची फाईल उघडली की गोल गोल फिरत रायते."

हे वाक्य ऐकलं की मला बरं वाटतं, कारण यात निदान दिलेलं आहे. लहान पाकिटं जातात, मोठी जात नाहीत. इथे दोन सालं आड येतात. नेटवर्कच्या तारेवर एका पाकिटात १५०० बाइट मावतात. १९९९ मध्ये पीपीपीओई नावाची पद्धत आली, म्हणजे युजरनेम-पासवर्ड टाकून ब्रॉडबँड सुरू करायची. २००५ मध्ये बीएसएनएलचं डेटावन आलं ते यावरच, आणि गल्लीतले केबलवाले आजही तीच वापरतात, कारण पैसे न भरणाऱ्याची लाईन तोडायला ती सोयीची. तिचं वेष्टन ८ बाइट खातं. उरले १४९२. त्यात व्हीपीएनचं वेष्टन आणखी पन्नास ते ऐंशी. आता लॅपटॉपने भरलेलं पाकीट बोगद्याच्या तोंडाशी अडकतं.

असं झालं तर मधल्या राउटरने "पाकीट लहान कर" असा निरोप मागे पाठवायचा, हे १९९० मध्येच ठरलंय. पण हा निरोप ज्या आयसीएमपीवरून जातो तो आयसीएमपी बऱ्याच ऑफिसांतले लोक सुरक्षेच्या नावाखाली सरसकट बंद करतात. निरोप मेला. लॅपटॉप तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवतो आणि ते पुन्हा पुन्हा गायब होतं.

विंडोजवर तपासायला पिंग कमांडला एफ आणि एल हे पर्याय द्यायचे, म्हणजे "तुकडे करू नकोस" आणि "एवढ्या आकाराचं पाठव". साध्या लाईनवर १४७२ जायला पाहिजे, पीपीपीओईवर १४६४. व्हीपीएन चालू करून ऑफिसच्या सर्व्हरवर आकडा खाली आणत जायचं, जिथे उत्तर येतं तिथे थांबायचं, त्यात २८ मिळवायचे, तो तुमचा एमटीयू. तिचा १३८० च्या आसपास आला. आम्ही सरळ १३०० टाकला. लॅपटॉप कंपनीचा होता, सेटिंग बदलायला ॲडमिन पासवर्ड लागला, त्यासाठी रात्री अकराला हेल्पडेस्कचं तिकीट, आणि सकाळी तिकडच्या माणसाने बदलून दिलं. क्लेमची फाईल उघडली. हजेरी लागली. प्रोबेशन वाचलं.

हेल्पडेस्कच्या त्या माणसाला तिने आकड्यासकट लिहून दिलं होतं, हे महत्त्वाचं. "नेट स्लो आहे" असं तिकीट टाकलं असतं तर "रिस्टार्ट करून बघा" आलं असतं. १३०० पर्यंत पाकीट जातं, १४०० चं जात नाही, असं लिहिलं की समोरच्याला दुसरीकडे ढकलता येत नाही.

एक गोष्ट राहिली, नावांची. कधी पिंग आकड्याच्या पत्त्यावर जातं पण सर्व्हरचं नाव टाकलं की सापडत नाही. तेव्हा लॅपटॉप ऑफिसची नावं तुमच्या केबलवाल्याच्या डीएनएसला विचारतोय. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. हे ऑफिसच्या बाजूने दुरुस्त होतं, तुम्ही फक्त ओळखून सांगायचं. आणि सर्टिफिकेटची तक्रार आली तर आधी लॅपटॉपचं घड्याळ बघा, तारीख चुकलेली असते.

गंमत म्हणजे त्याच आठवड्यात, २९ मार्च २०२० ला, लिनक्सची ५.६ ही आवृत्ती आली आणि तिच्यात वायरगार्ड पहिल्यांदा आत होतं. जेसन डोनेनफेल्डने लिहिलेलं, साधारण ४ हजार ओळींचं, जुन्या व्हीपीएनच्या तुलनेत काहीच नाही. नॅटमध्ये जगायला शिकूनच जन्मलेलं. वायफायवरून मोबाईल डेटावर गेलात तरी बोगदा तुटत नाही. हल्लीच्या बऱ्याच नव्या सेवा आतून तेच वापरतात.

नियमाचं काय झालं? सवलत वाढत वाढत गेली, आणि ५ नोव्हेंबर २०२० ला सरकारने ओएसपीची नोंदणीच रद्द केली. बँक गॅरंटी संपली. घरून काय, कुठूनही काम करा म्हटलं. २०२१ च्या जूनमध्ये आणखी सैल केलं. एकवीस वर्षांचा नियम, आणि महामारी नसती तर अजून किती चालला असता कोण जाणे. २०२२ मध्ये सर्ट-इनने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितलं तेव्हा पुन्हा घबराट झाली होती, पण ते लोकांना व्हीपीएन विकणाऱ्यांसाठी होतं, कंपन्यांच्या आतल्या व्हीपीएनसाठी नाही.

मैत्रीण पुढे दोन वर्षं जठारपेठेतून काम करत होती. मग कंपनीने परत बोलावलं, आठवड्यातून तीन दिवस. अकोल्याहून तीन दिवस पुणे जमत नाही, म्हणजे पुन्हा खोली, पुन्हा डिपॉझिट. तिने ते सोडलं, आता दुसऱ्या कंपनीत आहे, पगार थोडा कमी, ऑफिस नावापुरतं. वडिलांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, ती सोबत जाते, लॅपटॉप घेऊन. दवाखान्यातल्या वायफायवर यूडीपी बंद आहे, तिथे तिला टीसीपी ४४३ वर जोडावं लागतं, थोडं हळू चालतं, पण चालतं.

तर हा भाग ऐकून झाल्यावर एक करा. राउटरच्या पानावर जा, वॅन आयपी नावाची ओळ शोधा, आणि "माझा आयपी काय" असं गुगलवर टाकून येणाऱ्या पत्त्याशी ताडून बघा. दोन्ही वेगळे असतील तर तुम्ही नॅटवरच्या नॅटमागे आहात. अकोला, अमरावती, कुठल्याही गावातून असेल, कोणत्या प्रकारची लाईन आहे आणि कुठली तक्रार येते ते मला लिहून पाठवा. पत्त्याचे पहिले दोन आकडेच लिहा, पूर्ण पत्ता नको.